घरातला संगणक किती टिकला आणि खेळाला किती उपयोगी पडला? नाशिककरांचे अनुभव

मुलाची बारावी झाली आणि घरात संगणकाचा विषय निघाला. त्याला अभियांत्रिकीच्या अभ्यासाबरोबर खेळायचेही आहे, आणि मला तो सहा-सात वर्षे दुरुस्तीवाल्याचे तोंड न पाहता चालावा एवढेच हवे आहे. दुकानात गेल्यावर कोणत्या खेळात सेकंदाला किती फ्रेम (म्हणजे चित्रे) मिळतील ते तत्परतेने सांगतात. पण एप्रिल-मेचे चार-पाच उन्हाळे सोसल्यावर त्या यंत्राचे काय होते, हे कोणी सांगत नाही. म्हणून सर्वांना आग्रहाचे आमंत्रण : तुमच्या घरी कोणता संगणक होता किंवा आहे, तो कोणत्या साली घेतला, त्यावर कोणते खेळ नीट चालले, आणि सर्वांत आधी त्याचे काय बिघडले, ते लिहावे. ‘मस्त चालतो’ एवढ्यावर कृपया कोणी थांबू नये. जुने अनुभवही चालतील.

ओझर, निवृत्त अभियंता

जुने चालतील असे म्हटलेत म्हणून अगदी तळापासून सुरुवात करतो. १९८५ साली मामांनी इंग्लंडहून ४८ के मेमरीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. रबरी कळांचे ते यंत्र वहीएवढे होते आणि टीव्हीला जोडावे लागे. त्यातून निघणारा संकेत यूएचएफ पट्ट्यातल्या ३६व्या चॅनेलवर यायचा, जे आमच्या टीव्हीला लागतच नसे. शेजाऱ्यांचा नवा टीव्ही आला तेव्हा आमचा संगणक खऱ्या अर्थाने सुरू झाला. खेळ कॅसेटवरून चढवावा लागे, त्याला चार-पाच मिनिटे लागत, आणि शेवटच्या क्षणी चूक दाखवून सगळे पुन्हा पहिल्यापासून! बारीक स्क्रूड्रायव्हरने टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन जुळवण्यात माझे अर्धे बालपण गेले. संगणकाने मात्र मला कधी दगा दिला नाही. गेला तो टेपरेकॉर्डर, आणि उन्हात राहिलेल्या कॅसेटी.

त्या काळीही तुलना होतच असे. कमोडोर ६४ मध्ये हलत्या आकृत्यांसाठी आठ स्प्राइटची सोय चिपमध्येच होती आणि आवाजाची स्वतंत्र चिप होती, त्यामुळे खेळाला तो सरस होता. स्पेक्ट्रममध्ये आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग मावत, म्हणून पळणारा माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग घेई. पण कमोडोरचा सीलबंद वीजपुरवठा जुना झाला की पाच व्होल्टऐवजी जास्त दाब सोडू लागे आणि मेमरीच्या चिपा जळत, ही गोष्ट तेव्हापासून जाणकारांमध्ये प्रसिद्ध आहे. म्हणजे खेळात सरस असलेल्या यंत्राची दुखरी नस वीजपुरवठ्यातच होती.

पंचवटी, निवृत्त शिक्षिका

१९८४ मध्ये सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, तेव्हा मी ते हाताळले आहेत. मेमरी ३२ केच होती, पण कीबोर्ड टंकलेखन यंत्रासारखा भक्कम होता आणि चाळीस मुले आळीपाळीने त्यावर तुटून पडली तरी त्याला काही झाले नाही. खेळाला परवानगी नव्हती. मुले खेळत होती, हे मला माहीत होते.

सिडको, विमा प्रतिनिधी

१९९९ मध्ये महात्मा गांधी रोडवरून सेलेरॉन प्रोसेसरचा, ६४ एमबी रॅमचा संगणक जोडून घेतला. पडद्यावरची चित्रे काढणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते, तरी क्रिकेट आणि मोटारींचे खेळ चालत. चार वर्षांनी तो अधूनमधून आपोआप बंद पडू लागला. उघडून पाहिले तर मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवरच्या, कपॅसिटरची डोकी फुगली होती आणि दोघांतून तपकिरी द्रव बाहेर आला होता. त्या सुमाराला जगभर सदोष रसायनाचे कपॅसिटर अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर बसवले गेले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. तोवर मी घरातल्या पोरांना दोष देऊन मोकळा झालो होतो.

पुढे भारनियमनाची वर्षे आली. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र उशाशी आणि घरात काळोख, अशी आपली गत होती. हार्ड डिस्क फिरत असताना वीज गेली की पुढच्या वेळी निळा पडदा ठरलेला. त्या काळात दोन हार्ड डिस्क गेल्या. आता हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या एसएसडीत फिरणारे काही नसल्याने तो त्रास पुष्कळ कमी झाला आहे, पण लिहिणे चालू असताना वीज गेली तर तिच्यातलीही माहिती बिघडू शकते.

पाथर्डी फाटा, सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी

माझा अनुभव लांबणार आहे, कारण मी २०१७ पासून एकच संगणक तुकड्यातुकड्याने बदलत आलो आहे आणि या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच सापडले असे वाटते. सुरुवातीला रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० जातीचा मदरबोर्ड आणि जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड घेतले. ते कार्ड ७५ वॅटचे होते, त्याला वेगळी वायरही लागत नव्हती, आणि १०८० पी पडद्यावर मध्यम मांडणीत त्याने मला पाच वर्षे खेळवले. २०२० ते २०२२ या काळात चिपांचा तुटवडा आणि आभासी चलनाचे खाणकाम यांमुळे कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या, तेव्हा तेच जपून वापरले. २०२२ मध्ये त्याच मदरबोर्डचे बायोस, म्हणजे त्यातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून रायझन ५ ५६०० बसवला आणि १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० घेतले. पाच वर्षे जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसणे ही सोय लॅपटॉपमध्ये मिळणे अशक्यच, आणि जोडून घेतलेल्या संगणकाचा टिकाऊपणा मी यातच मोजतो : एक भाग थकला म्हणून सगळे यंत्र फेकावे लागत नाही.

खरा घोटाळा पुढे झाला. खेळ सुरू केला की दहा मिनिटांत संगणक पूर्ण बंद. आधी नव्या कार्डाला दोष दिला, मग विंडोज पुन्हा टाकले, मग रॅम बदलून पाहिली. तीन आठवड्यांनी उलगडा झाला तो असा, की माझा यूपीएस जुन्या संगणकाबरोबर घेतलेला ६०० व्हीएचा होता. त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. नवे कार्ड एकटेच १७० वॅट घेते आणि क्षणभर त्याहून जास्त उसळी मारते. त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर धरला, की संध्याकाळी दाब जरा खाली आल्यावर यूपीएस बॅटरीवर जाई आणि तिथेच मान टाकी. ११०० व्हीएचा यूपीएस घेतला आणि मॉनिटरखेरीज बाकीची जोडणी, म्हणजे स्पीकर आणि प्रिंटर, थेट भिंतीतल्या सॉकेटवर नेली. त्यानंतर एकदाही बंद पडला नाही.

दुसरी गोष्ट धुळीची. आमच्या भागात सतत बांधकामे चालू असतात. पुढच्या बाजूला अखंड काच असलेले कॅबिनेट मी हौसेने घेतले होते. मे महिन्यात खोलीत ३८ अंश असताना कार्ड ८४ अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करू लागले. जाळीच्या तोंडाचे साधे कॅबिनेट घेतल्यावर तापमान आठ-नऊ अंशांनी उतरले. दिव्यांच्या रोषणाईवर पैसे घालणाऱ्यांना माझा नमस्कार.

गंगापूर रोड, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

मी गेमिंग लॅपटॉपवाली आहे. भाड्याच्या खोलीत राहून सुट्टीत घरी जाणाऱ्याला कॅबिनेट उचलून नेता येत नाही, हे वरच्या दादांनी मान्य करावे. लॅपटॉप निवडताना मात्र मी एक चूक केली. आरटीएक्स ४०६० हे नाव पाहिले, पण लॅपटॉपसाठीचे हे कार्ड कंपन्या ३५ ते ११५ वॅट यांपैकी कोणत्याही मर्यादेवर बसवू शकतात, हे पाहिले नाही. माझा पातळ देखणा लॅपटॉप खालच्या मर्यादेचा निघाला. मैत्रिणीचा तेवढ्याच किमतीतला जाड, कुरूप लॅपटॉप त्याच खेळात स्पष्टपणे पुढे असतो.

अडीच वर्षांत बिघाड एकच झाला, पण तो मोठा होता. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायची सवय होती. टचपॅड वर उचलला गेल्यासारखा वाटू लागला, आणि आत बॅटरी फुगल्याचे निघाले. आता खाली लाकडी फळी ठेवते, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू ठेवते आणि वर्षातून एकदा पंखे साफ करून घेते. वीज गेली तरी खेळ अर्ध्यावर तुटत नाही, हे एक सुख. राउटर बंद पडल्याने तो तुटतो, ही गोष्ट वेगळी.

इंदिरानगर, गृहिणी

आमच्याकडे २०२१ पासून ॲपलचा एम१ चिपचा मॅक मिनी आहे. चार वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेलेला नाही, पंख्याचा आवाज येत नाही आणि विजेचे बिल जाणवत नाही. मात्र मुलाला मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळायचा होता, तो मॅकवर चालतच नाही. जुने ३२ बिटांचे खेळ तर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासूनच बंद झाले. आई म्हणून मला हा संगणक फार आवडतो.

नाशिकरोड, बँक कर्मचारी

कार्यालयांतून निघालेले जुने संगणक कोणी विचारात घेत नाही, म्हणून लिहितो. २०१८ मध्ये चौथ्या पिढीच्या आय५ चा एक छोटा डेस्कटॉप अगदी स्वस्तात घेतला. ही यंत्रे कार्यालयात दिवसभर चालावीत म्हणून बांधलेली असतात, आणि मला त्याचा प्रत्यय आला : सात वर्षांत फक्त बोर्डावरचा नाण्यासारखा सेल बदलला. खेळासाठी मात्र हात बांधलेले असतात. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, कंपनीच्याच खास मापाचा आणि कमी वॅटचा, कॅबिनेट अरुंद, त्यामुळे वेगळी वायर न लागणारे बुटके कार्डच बसते. हलके आणि जुने खेळ चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते. धडधाकट यंत्र केवळ नियमामुळे म्हातारे ठरले. आता त्यावर लिनक्स टाकले आहे.

शालिमार परिसर, संगणक दुरुस्ती करणारा

वरचे सगळे वाचले. कोणत्या कंपनीचा घ्यावा, असे मला रोज विचारतात, आणि मी उलट विचारतो, की घरात अर्थिंग आहे का? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी बहुधा तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी वायरच नसते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास दाब दिसायला हवा. शून्याजवळ दिसला तर संगणकाआधी वायरमनला बोलवा.

माझ्याकडे येणाऱ्या कामाला ऋतू आहेत. मेमध्ये सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) आणि जळालेले एसएमपीएस येतात. जूनच्या पहिल्या वळवात विजा कडाडल्या, की इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतून आलेल्या झटक्याने लॅनचा भाग गेलेले मदरबोर्ड येतात. लोक विजेची पिन काढतात आणि ती वायर तशीच ठेवतात. पावसाळाभर एसएमपीएसमध्ये उबेला शिरलेली पाल निघते, आणि मागच्या मोकळ्या पट्टीची पत्र्याची झाकणे हरवलेली असली तर उंदीर. खेळासाठी घेतलेल्या संगणकात लोक कार्डावर चाळीस हजार घालतात आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला ठेवतात, हे मला आजवर समजलेले नाही. लॅपटॉप मात्र माझ्याकडे येऊ नये असे मलाच वाटते. रॅमसुद्धा बोर्डावर डाखलेली असेल तर मी करणार काय?

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मुलगा पाथर्डी फाट्याच्या बाजूने आहे, सौभाग्यवती इंदिरानगरच्या. आमचे घर जुन्या वाड्यातले; शालिमारचे वाचून काल टेस्टर घेऊन हॉलमधले सॉकेट उघडले, तर तिसऱ्या पिनेच्या मागे खरोखरच काही नव्हते. खरेदी तूर्त थांबवली आहे. वायरमन उद्या येतो म्हणाला, म्हणजे गुरुवारपर्यंत यावा.