रोज संध्याकाळी कामाची खबर मागणं म्हणजे टीमवर अविश्वास का?

चिरेबंदी
जुन्या घरांची दुरुस्ती करणारी आमची छोटी टीम आहे. सुतार, गवंडी, पेंटर, इलेक्ट्रिशियन धरून अकरा जण. गोव्यात बार्देश आणि डिचोलीत एका वेळी तीन-चार घरं चालतात. यंदा एका घराचं छप्पर उतरवलं होतं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो, म्हणून ३१ मेपर्यंत कौलं चढलीच पाहिजेत असं सगळ्यांच्या देखत ठरलं. ग्रुपवर रोज मेसेज यायचा, "काम चालू आहे". २० तारखेला आला, "८० टक्के झालं".

२८ तारखेला मी स्वतः शिडीवर चढले. पाच वाशांची भिंतीत बसणारी टोकं वाळवीने पोखरलेली. बोटाने दाबलं तर भुगा हातात आला. सुताराला हे १५ तारखेपासून माहीत होतं! गिरणीतून नवं लाकूड कापून येईपर्यंत पाऊस आला. ताडपत्री बांधून अकरा दिवस काढले. घरातल्या आजींनी देव शेजारच्या घरी नेऊन ठेवले, ते बघताना मला मान वर करवेना.

म्हणून आता नियम केलाय. रोज सहा वाजता प्रत्येक साईटवरून तीनच गोष्टी कळवायच्या: आज काय पुरं झालं, काय अडलंय, उद्या कोणाकडून काय हवंय. टक्के नकोत, "फाल्यां जातलें" (उद्या होईल) तर मुळीच नको. दोघे नाराज आहेत, आमच्यावर पाळत ठेवता म्हणतात. मला वाटतं, मागितल्याशिवाय खबर येत नाही आणि उशिरा आलेली खबर काही उपयोगाची नसते. तुमचं काय मत?

साईटवरून
ताई, राग मानू नका, पण मी त्या दोघांच्या बाजूचा. सतरा वर्षं सुपरवायझर आहे, सध्या वेर्ण्याला. फोनवर पाच ग्रुप आहेत: मालकाचा, आर्किटेक्टचा, कंत्राटदाराचा, सामानाचा आणि आणखी एक, तो कशासाठी काढला ते कोणाला आठवत नाही. स्लॅब भरायचा दिवस असतो, मिक्सर चालू, कोपऱ्यातला टेकू सरकलाय की काय ते बघायला मी खाली वाकलेला, आणि खिशात फोन वाजतो: "स्टेटस?" त्या क्षणी टेकू बघू की उत्तर देऊ?

फोटोचंही तेच. कुठून काढला की काम पुढे गेल्यासारखं दिसतं ते साईटवरच्या प्रत्येकाला कळतं. तुमच्या तीन ओळींचंही महिन्याभरात तेच होईल. "झालं: कौलं. अडलं: काही नाही. हवं: काही नाही." रोज तेच कॉपी करून टाकतील.

आणि एक विचारतो. १५ ते २८ या तेरा दिवसांत तुम्ही वर का चढला नाहीत? वाळवी मेसेजमध्ये दिसत नाही, शिडी लावल्यावर दिसते.

आखातातून
साईटवरूनदादा, आमचाही विचार करा. घर साखळीला आणि मी दुबईत. शिडी कुठून लावू? दर महिन्याला पैसे पाठवतो आणि आई फोनवर सांगते, "माणसं येतात रे, आवाज येतो." तेवढ्यावर मी पुढचा हप्ता सोडायचा? रोजची खबर हा माझा हक्क आहे.

पर्वरीचा कोडवाला
आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात रोजची बैठक असते. स्क्रम म्हणून टीमने काम करायची एक पद्धत आहे, तिच्या नियमाप्रमाणे ती १५ मिनिटांत संपली पाहिजे आणि ती टीमची आपसातली असते, साहेबाला हजेरी देण्याची नाही. प्रत्यक्षात जिथे साहेब मध्ये उभा राहून एकेकाला विचारतो, तिथे सगळ्यांची कामं "जवळजवळ झाली" असतात. मी स्वतः तीन आठवडे एक काम जवळजवळ झालंय असं सांगत होतो, कारण अडलोय म्हटलं की बाकीचे नऊ जण वळून बघायचे. त्यामुळे चिरेबंदी, तुमच्या तीन गोष्टी बरोबर आहेत. त्या कोणासमोर सांगायच्या, माझी शंका तिथे आहे.

पेडण्याचा
टक्के बंद केलेत हे उत्तम केलंत. आमच्या गावचा बोगदा आठवतो. कोकण रेल्वेवर नव्वदावर बोगदे, बहुतेक सह्याद्रीचा कातळ फोडून केलेले. पण पेडण्याला लागली ती मऊ, पाण्याने भिजलेली माती. खणलेलं पुन्हा ढासळायचं. बाकीचा मार्ग तयार होऊन वाट बघत राहिला आणि सलग गाडी धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. मार्गाची लांबी मोजून टक्का काढला असता तर तो शंभराला टेकलेला दिसला असता, पण मुंबईहून मडगावला थेट गाडी काही येत नव्हती. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याच बोगद्याची भिंत कोसळली आणि गाड्या पुन्हा दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. किती झालं हे विचारून काय कळणार? काय राहिलंय आणि त्यातलं अवघड कुठलं, ते विचारा.

साईटवरून
पेडणेकर बाब, हे पटलं. दुबईच्या दादांचंही बरोबर आहे, पण त्यांना हवी ती खबर आठवड्याला एकदा नीट, मोजमापासकट दिली तर रोजच्या दहा फोटोंपेक्षा बरी. माझा ताईंना दुसरा प्रश्न. सुताराला १५ तारखेला कळलं, मग तो बोलला का नाही? आळशी माणूस असता तर तुम्ही त्याला ठेवला नसता.

चिरेबंदी
हा प्रश्न मी टाळत होते. मार्चमध्ये दुसऱ्या घरात दरवाजावरच्या तुळईला चीर गेली होती. ती त्यानेच दाखवली. मी ग्रुपवर लिहिलं, "हे आधी का नाही बघितलं?" अकरा जणांनी वाचलं. त्यानंतर त्याच्याकडून "काम चालू आहे" याच्यापुढे शब्द आला नाही. आता मागचे मेसेज चाळले तेव्हा हे दिसलं. तो नवं लाकूड कुठून तरी स्वतःच मिळवायच्या खटपटीत होता, म्हणजे मला सांगायची वेळच येऊ नये. तेरा दिवस त्यात गेले.

पर्वरीचा कोडवाला
टोयोटाच्या कारखान्यात लाईनवरचा कुठलाही कामगार डोक्यावरची दोरी ओढू शकतो. दिवा लागतो आणि टीमचा प्रमुख धावत त्याच्याकडे येतो. ठरल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाईन थांबते. दोरी ओढली म्हणून त्याला कोणी ओरडत नाही. ओरडा पडला असता तर दुसऱ्या दिवशी दोरीला हात कोणी लावला असता?

आखातातून
पण मग चूक कोणाची ते कधी विचारायचंच नाही का? पैसे माझे जातात.

साईटवरून
विचारा ना. काम मार्गी लागल्यावर, बाजूला घेऊन. ताई, तुमचा सुतार ग्रुपवर लिहिणार नाही. टाईप करायला त्याला अर्धा तास लागेल आणि पुन्हा अकरा जण वाचणार. मी अजून म्हणतो, लिहून मागू नका, फोन करा.

चिरेबंदी
व्हॉइस मेसेज चालेल, कोकणीत, फक्त मला. पण सहाची वेळ मी सोडणार नाही. चार घरं आहेत, सगळीकडे मी रोज पोचू शकत नाही.

साईटवरून
वेळ ठेवा. मात्र "अडलं" म्हणून कोणी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोण जाणार, हेही त्याच संध्याकाळी सांगा. रोज त्यांनीच कळवायचं आणि तुमच्याकडून काहीच यायचं नाही, तर ते हाजरीबुकच झालं.

चिरेबंदी
मान्य. डिचोलीचं घर चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) द्यायचंय, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी नव्या छपराखाली बांधायची म्हणून ते लोक थांबलेत. सोमवारपासून तिथे असंच करते. सुताराला आज फोन केला होता, उचलला नाही. उद्या सकाळी त्याच्या घरीच जाते.