मुलीच्या खोलीसाठी एअर प्युरिफायर : मदत हवी आहे

माझ्या सात वर्षांच्या मुलीला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. पहाटे शिंका सुरू झाल्या की तासभर थांबत नाहीत, बघवत नाही. डॉक्टरांची औषधं चालू आहेतच, सोबत तिच्या खोलीत एअर प्युरिफायर ठेवावा म्हणतोय.

खोली १२ बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे साधारण ४१ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळली जावी असं धरलं तर सीएडीआर (मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) ताशी २०० घनमीटरच्या वर असायला हवा. हा हिशोब बरोबर आहे ना? की हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो म्हणून त्याहून मोठं मशीन घ्यावं? रात्री आवाजामुळे वेग कमीच ठेवावा लागणार.

हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळकण अडवणारा) हवाच, हे पक्कं. आयोनायझरवाले (हवेत विद्युतभारित कण सोडणारे) मात्र नकोत, काहींतून ओझोन बाहेर पडतो आणि तो फुप्फुसांना त्रासदायक. घरात वासाचा त्रास नाही, मग कार्बन फिल्टरचा जाड थर लागेल का?

वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, फिल्टर खरोखर किती महिने टिकतो? आणि मुलांच्या शिंका कमी झाल्या का?