गणपतीआधी कच्छ की गणपतीनंतर? सप्टेंबरमधील वाटसरू पक्ष्यांविषयी विचारणा

सातभाई (पुणे)

नमस्कार. गेली पाच वर्षे मी सासवडच्या माळावर आणि भिगवणच्या पाणवठ्यावर नियमित पक्षी पाहतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत कच्छला जाऊन आलो. छारी ढंढ या उथळ तळ्यावरचे करकोचे आणि फुलाय गावाजवळचा हायपोकोलियस हा दुर्मिळ पक्षी पाहून मन भरले होते, पण परतताना गाडीत एका सहप्रवाशाने सांगितले की कच्छचा खरा हंगाम मी चुकवला आहे. युरोप आणि मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाणारे काही पक्षी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कच्छमध्ये थोडे दिवस थांबतात आणि पुढे निघून जातात. थंडीत त्यांच्यापैकी एकही तिथे उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हापासून युरोपियन रोलर आणि तांबड्या पाठीचा खाटीक ही दोन नावे डोक्यातून जात नाहीत.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला बसतात आणि अनंत चतुर्दशी २५ तारखेला येते. घरी दहा दिवसांचा गणपती असल्यामुळे मधले दिवस बाहेर पडता येणार नाही. म्हणजे एक तर ५ ते ९ सप्टेंबर, नाही तर २६ ते ३० सप्टेंबर, एवढेच दोन पर्याय हाती आहेत. यांपैकी कोणता निवडावा? सोबत वडील येणार आहेत; त्यांचे वय ६८ आहे, चालणे उत्तम आहे, पण ऊन फार सोसत नाही. त्या दिवसांत उन्हाचे मान कसे असते आणि एवढ्या मोठ्या जिल्ह्यात नेमके कुठे थांबावे, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

रखाल (भुज)

सातभाई, नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे भुजमध्ये राहतो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. दोन्ही तारखा हंगामातच पडतात, पण मला विचाराल तर गणपतीआधी या.

कारण असे की या प्रवासात बहुधा प्रौढ पक्षी आधी निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले मागाहून येतात. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तांबड्या पाठीच्या खाटकाचा नर दिसण्याची शक्यता अधिक असते. राखाडी डोके, डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी आणि विटकरी पाठ अशा पूर्ण पोशाखातला तो नर एकदा पाहिला की पुढे ओळखीचा घोळ होत नाही. महिनाअखेरीस पक्षी असतात, पण त्यांत तपकिरी, खवल्याखवल्यांच्या पाठीची पिल्लेच अधिक दिसतात आणि नवख्या माणसाची सगळी सकाळ त्यांची नावे ठरवण्यात जाते.

दुसरे कारण पावसाचे आहे. कच्छमध्ये वर्षाकाठी सरासरी साडेतीनशे-चारशे मिलिमीटरच पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये उरकतो. त्यामुळे सप्टेंबर उजाडतो तेव्हा एरवी उघडाबोडका असणारा हा मुलूख गुडघाभर गवताने झाकलेला असतो, आणि त्या गवतात नाकतोडे इतके असतात की चालताना दर पावलाला पाच-सात उडतात. पुढे अरबस्तान आणि समुद्र ओलांडून आफ्रिका गाठायची असलेल्या पक्ष्याला याहून चांगली शिदोरी कुठे मिळणार? जसजसे गवत वाळते, तसतसा किड्यांचा हा सुकाळ ओसरत जातो.

आता जागेविषयी. तुम्ही थंडीत ज्या ढंढवर गेलात, तिकडे पहिल्या दिवशी मुळीच जाऊ नका. या पक्ष्यांना पाणवठा नको असतो, त्यांना काटेरी झुडपे हवी असतात. नखत्राणा तालुक्यात मोटी विराणी, फुलाय या बाजूला शेतांच्या बांधांवर केरडा (आपल्याकडची नेपती), पिलू, बोर आणि देशी बाभूळ यांची जी विरळ झाडी आहे, ती या कामाला सर्वांत चांगली. बन्नीच्या गवताळ प्रदेशात १९६१ पासून लावलेली आणि पुढे बेसुमार पसरलेली वेडी बाभूळ, जिला इथले लोक 'गांडो बावळ' म्हणतात, तिच्या दाट रानात मला यांपैकी फारच थोडे पक्षी आढळले आहेत. तिच्या कडा तेवढ्या पाहाव्यात. रोलर पाहण्यासाठी तर झाडीतही शिरावे लागत नाही. भुज-नखत्राणा रस्त्यालगतच्या विजेच्या तारांवर नजर ठेवली तरी पुरते.

बाहेरून येणारे पक्षीनिरीक्षक इथे एक चूक नेहमी करतात: दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी पळवतात. खाटीक आणि माशीमार रात्री प्रवास करतात आणि पहाटे जिथे झुडूप दिसेल तिथे उतरतात, त्यामुळे काल रिकामी असलेली नेपती आज भरलेली असू शकते. अर्ध्या किलोमीटरचा एकच बांध निवडून तो लागोपाठ तीन सकाळी पाहावा, असे माझे ठाम मत आहे. मागच्या सप्टेंबरात मी एका पिलूच्या सावलीत स्टूल टाकून बसलो होतो. समोरच्या वाळक्या फांदीवर ठिपकेदार माशीमार येऊन बसला. त्याच्या नावात ठिपके असले तरी अंगावर मात्र बारीक रेघा असतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. ताठ बसायचे, हवेत झेप घेऊन माशी टिपायची आणि पुन्हा नेमक्या त्याच फांदीवर यायचे, हा त्याचा क्रम पाऊण तास चालला होता. त्याच झुडपाच्या बुडाशी रुफस-टेल्ड स्क्रब रॉबिन जमिनीवर टुणटुणत होता आणि दर दोन-तीन उड्यांनंतर आपली तांबूस शेपटी वर उचलून पंख्यासारखी उघडत होता. तिच्या टोकाची काळी-पांढरी नक्षी दुर्बिणीशिवायही दिसत होती. मी उठून फिरत राहिलो असतो तर यांतले काही दिसले नसते.

उन्हाचे म्हणाल तर पारा ३५-३६ अंशांच्या आसपास असतो. हा आकडा फार वाटत नाही, पण हवेत दमटपणा असल्यामुळे तो अंगाला अधिक जाणवतो. भुजला सूर्योदय पुण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे उशिरा, त्या आठवड्यात साडेसहाच्या सुमारास होतो. सव्वासहाला जागेवर असावे आणि साडेदहाला निमूट परतावे. त्यानंतर जमिनीवरची हवा थरथरू लागते, दुर्बिणीतून पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि पक्षीही झुडपाच्या पोटात शिरून बसतात. दुपार मुक्कामावर काढून साडेचारला पुन्हा निघावे. वडिलांसाठी घडीची खुर्ची, प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि क्षारांची पाकिटे जवळ ठेवा. पायांत घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच, कारण या झुडपांच्या बुडाशी फुरसे असते.

कापशी (नाशिक)

रखालकाकांनी पिल्लांच्या ओळखीचा उल्लेख केला आहे, त्याला माझ्या फजितीची जोड देतो. पहिल्या खेपेस मी एका दिवसात तांबड्या पाठीच्या खाटकाची नऊ पिल्ले नोंदवली होती आणि त्या आनंदात जेवणही विसरलो होतो. घरी येऊन छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा त्यांतली सहा बे-बॅक्ड श्राइकची, म्हणजे कच्छमध्ये बारमाही राहणाऱ्या छोट्या खाटकाची पिल्ले निघाली. दोघांच्याही पाठीवर खवले असतात. फरक पाहायचा तो पंखावर आणि पाठीच्या खालच्या बाजूला: बे-बॅक्डच्या पंखावर फिकट ठिगळ असते आणि शेपटीच्या मुळापाशी पांढुरका भाग असतो, तर तांबड्या पाठीच्या पिल्लाच्या पंखावर ते ठिगळ नसते. महिनाअखेरीस थंडीचे पाहुणे येऊ लागले की त्यात आयझाबेलाइन श्राइकची भर पडते. त्याची शेपटी तांबूस असते आणि पाठ बरीचशी कोरी असते.

रोलरच्या बाबतीतही एक सावधगिरी बाळगावी, कारण त्याच तारेवर आपला नेहमीचा नीलपंखही बसलेला असतो. बसलेला असताना नीलपंखाचा गळा आणि छाती तपकिरी-गुलाबी असून तिथे पांढुरक्या रेघा असतात; युरोपियन रोलरचे डोके, गळा आणि पोट सलग फिकट निळे असते. शंका उरली तर तो उडेपर्यंत थांबावे. नीलपंखाच्या उघडलेल्या पंखात फिकट आणि गडद निळ्याचे लखलखीत पट्टे दिसतात, युरोपियन रोलरच्या पंखाची मागची कड आणि टोके मात्र सरळ काळी असतात. युरोपियन रोलरच्या पिल्लांच्या गळ्यावरही पुसट रेघा असतात, म्हणून केवळ गळ्यावरून निकाल देऊ नये. माझ्या वहीत या एका कारणाने तीन नोंदी खोडलेल्या आहेत.

भोवत्या (ठाणे)

रखाल यांच्या अनुभवाचा आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. ज्यांचे कच्छला वरचेवर जाणे होत नाही, त्यांनी २६ ते ३० सप्टेंबर हा पर्याय इतक्या सहज सोडू नये. वाटसरू पक्षी त्या वेळीही असतात आणि उत्तरेकडून हिवाळी पक्ष्यांची आघाडी येऊ लागलेली असते. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून तरंगताना दिसू लागतात. शिवाय तो पितृपक्षाचा काळ असल्यामुळे राहण्याच्या जागा रिकाम्या असतात आणि गाडीही भाव न करता मिळते. पाऊस लांबला तर पहिल्या आठवड्यात बन्नीचे कच्चे रस्ते चिखलाने बंद असतात, हा धोका रखाल यांनी सांगितलेला नाही. आमची गाडी एकदा तिथल्या चिकणमातीत अशी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास आम्ही एकाच चंडोलाचे निरीक्षण केले.

रखाल (भुज)

भोवत्या, चिखलाचा मुद्दा मान्य आहे. भुजला भरपूर पाऊस झाल्याची बातमी निघण्याच्या आठवड्यात आली, तर सातभाईंनी बन्नीचा कच्चा रस्ता वगळावा. मी सुचवलेले नखत्राण्याकडचे बांध डांबरी रस्त्यालगत आहेत, तिथे ही अडचण येत नाही. पण भोवत्ये पाहण्यासाठी पूर्ण हिवाळा मोकळा आहे आणि सातभाईंनी विचारलेले दोन पक्षी हिवाळ्यात नसतात, म्हणून माझे मत बदललेले नाही.

वाळवंटी चंडोल (शारजा)

मूळ गाव सांगली, सध्या वीस वर्षे आखातात. इथे सप्टेंबरच्या आरंभी पारा चाळिशीच्या पार असतो, त्यामुळे तुमच्या ३५ अंशांचा मला हेवा वाटतो. एक पुरवणी जोडतो. हेच रोलर आणि हेच खाटीक शरद ऋतूत अमिरातीतूनही जातात; दुबईच्या मुश्रीफ पार्कमध्ये किंवा अल कुद्राच्या तळ्यांजवळच्या झाडीत ते उतरतात. मात्र इथे ते एप्रिल-मेमध्ये परतीच्या वाटेवरही दिसतात, आणि कच्छमध्ये वसंतात ते फारसे दिसत नाहीत. म्हणजे जाताना पूर्वेकडून वळसा आणि येताना पश्चिमेची वाट, असा त्यांचा फेरा असतो. सर्वच पक्षी असे करतात असे नाही. मंगोलियात २०१९ मध्ये उपग्रह-टॅग लावलेला ओनॉन नावाचा कुक्कू २०२० च्या वसंतात आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून थेट मध्य प्रदेशात उतरला होता. तेव्हा सातभाईंनी या वर्षीची संधी सोडल्यास रोलरसाठी मार्चमध्ये कच्छला जाण्याचा बेत आखू नये. पुढचा सप्टेंबरच पाहावा लागेल.

सातभाई (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. चार तास एका चंडोलाचे निरीक्षण हा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. ५ ते ९ सप्टेंबर नक्की केले आहे, मुंबईहून कच्छ एक्स्प्रेसचे आरक्षणही झाले. रखालकाका, एकच शंका उरली आहे. खाटीक झुडपात आत बसला असेल तर मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढावे, असे येथील एका मित्राने सुचवले आहे. तसे करावे का?

रखाल (भुज)

अजिबात करू नका. तो इथे चरबी साठवायला उतरलेला आहे. काही छोटे पक्षी लांबच्या उड्डाणाआधी वजन जवळजवळ दुप्पट करतात, आणि आपण त्याला आवाजाने फसवून तासभर नाचवले तर त्याचे तेवढे खाणे बुडते. शिवाय त्याची गरजही पडत नाही. सकाळी पावणेसात ते आठ या वेळात दव वाळत असताना तो आपणहून झुडपाच्या शेंड्यावर येऊन बसतो. सूर्य पाठीशी घेऊन बसा आणि वडिलांची खुर्ची तुमच्या पुढे ठेवा, म्हणजे त्यांच्या आधी तुम्हाला दिसला अशी तक्रार घरी होणार नाही.