मोठ्या शहरात उतरायचं कुठं, जेवायचं काय? खान्देशकरांनो, अनुभव सांगा

लग्नसराई तोंडावर आली आहे, पोरांच्या परीक्षांच्या तारखा लागल्यात, कुणाची दवाखान्याची वारी सुरू आहे. खान्देशातून सुरत, मुंबई, पुणे, दिल्ली गाठणं अवघड नाही. रात्री गाडीत बसलं की बहुतेक ठिकाणी सकाळी उतरतो. खरी धावपळ त्यानंतरची. आपल्याकडे एकतर "पाव्हण्याकडे उतरू" म्हणून काहीच ठरवत नाहीत, नाहीतर मोबाइलवर सगळ्यात स्वस्त खोली बघून मोकळे होतात. माझं म्हणणं, आधी सकाळचं काम कुठं आहे ते बघावं, मग खोली, आणि जेवण त्या वाटेवर शोधावं. पण हे माझं झालं. तुम्ही कुठं उतरलात, काय खाल्लंत, पुढच्या वेळी काय बदलाल ते लिहा. "सोय छान होती" एवढ्यावर सोडू नका, त्यानं कुणाचं काम होत नाही.

शहादा, गृहिणी (सुरत)

पुतणीच्या बस्त्यासाठी गेलो होतो. सुरतला निम्मा खान्देश राहतो. उधना, लिंबायत, डिंडोलीत फिरलं तर अहिराणी कानावर पडतेच. त्यामुळे लॉजचं नाव काढलं की आत्याबाई रागावल्या, "आपलं घर शे ना आठे, लॉजवर कसाले पैसा घालतस?" त्यांचं मन मोठं, पण घर दीड खोलीचं. एक मुलगा दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला. एक उठतो तेव्हा दुसरा त्याच गादीवर झोपतो. त्यात आमची वऱ्हाडाएवढी मंडळी कुठं टाकायची? शेवटी मधला मार्ग काढला. मुक्काम स्टेशनजवळ लॉजवर, कारण रिंग रोडची कापड मार्केटं तिथून जवळ, आणि रात्रीचं जेवण आत्याबाईंकडे. त्यांचा मानही राहिला.

बस्त्याला जाणाऱ्यांनी खोली घेताना दोनच गोष्टी विचारा, लिफ्ट आहे का आणि गठ्ठे ठेवायला जागा आहे का. साड्यांचे गठ्ठे तिसऱ्या मजल्यावर चढवताना जावयांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. ताप्ती लाइनच्या, म्हणजे भुसावळ-सुरत मार्गाच्या गाड्या आधी उधन्याला येतात. आपली गाडी तिथं संपते की पुढं सुरतला जाते ते तिकिटावर नीट बघा.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी लोचो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला मऊ सुरती नाश्ता, वर शेव, कांदा आणि तेल, पोट भरतं. दुपारी गुजराती थाळीत मात्र वरणात गूळ. सासऱ्यांनी पहिला घास घेऊन वाटी बाजूला सरकवली. वन्संनी पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली, ती अख्ख्या टेबलावर फिरली आणि परत आली तेव्हा धुतल्यासारखी स्वच्छ होती. थंडीत गेलात तर पोंक खा. म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, फक्त तिथं लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर देतात.

अमळनेर, शिक्षिका (मुंबई, सहकुटुंब)

मुलांना मुंबई दाखवायची होती. आमची मुख्य अडचण वेळेची. रात्रीची गाडी पहाटे दादरला सोडते आणि बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी 12 नंतर मिळते. पोरं पेंगुळलेली, बॅगा पायाशी, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, आत्ता हवी असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं." म्हणून खोली ठरवताना फोन करून "चेक-इन 24 तासांचं की 12 ते 12?" हे स्पष्ट विचारा. नाहीतर स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघा, तिला तिकिटाचा पीएनआर लागतो. नुसतं सामान ठेवायचं तर क्लोक रूम आहे, पण बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत.

दादर निवडलं ते मला पटलं. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी तिथं मिळतात, त्यामुळे कुठंही जायला सोपं. वार मात्र बघून जा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद.

दादर पश्चिमेला मामा काणे, पुढं शिवाजी पार्ककडे आस्वाद आणि प्रकाश. साबुदाणा वडा, थालीपीठ, पियूष, सगळं नीटनेटकं. मिसळ आपल्या तोंडाला गोडसर लागते, तक्रार नाही, चव तशीच आहे. माटुंगा स्टेशनबाहेर पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी आहे, तिथं केळीच्या पानावर जेवलो. केळीच्या मुलखातून येऊन आम्ही केळीच्या पानाचं कौतुक करत होतो आणि धाकटा विचारत होता, "आई, हे पान आपल्याकडून आलं का?" सीएसएमटीसमोरचा आराम वडापाव गाडीच्या आधी खाऊन घ्या. रात्रीच्या परतीला डबा घरचाच बरा.

धुळे, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी (पुणे)

भावांनो, हॉल तिकिटावर "पुणे" एवढंच वाचून सदाशिव पेठेत मित्राच्या खोलीवर उतरू नका. सेंटर निघतं वाघोलीला किंवा पार तळेगावला. सकाळी साडेआठला गेट बंद, रविवारी बस कमी, आणि रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. आधी सेंटरचा पूर्ण पत्ता मॅपवर टाका. पिंपरी-चिंचवडकडे सेंटर असेल तर धुळे-जळगावच्या ट्रॅव्हल्समधून वाकड किंवा चिंचवडलाच उतरा. पुढं संगमवाडीपर्यंत जाऊन परत येण्यात पहाटेची झोप जाते. चिंचवड, सांगवी भागात आपली माणसं भरपूर आहेत. ओळखीच्या पोराच्या खोलीवर एक रात्र काढणं विद्यार्थ्याला चालतं, फक्त त्याच्या रूम पार्टनरलाही विचारा.

जेवणाचा घोळ असा की बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात आणि परीक्षा नेमकी रविवारी. दुपारी मेसवर फिस्ट, म्हणजे गोडाधोडाचं खास जेवण असतं, ते चुकवू नका. रात्रीसाठी टिळक रोडला बादशाहीची थाळी आहे, रांग असते. शेवभाजीची तलफ आली तर "खान्देशी" पाटी बघून आत शिरण्याआधी शेजारच्या ताटातली तर्री बघा. काही ठिकाणी लाल रंगाच्या ग्रेव्हीवर बारीक शेव भुरभुरून देतात. आपली शेव जाड, रस्सा काळ्या मसाल्याचा. तो रंग दिसला तरच बसा.

चोपडा, शेतकरी (मुंबई, टाटा हॉस्पिटल)

हे फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही, पण लिहितो. गावोगावी कुणी ना कुणी या कामाला जातोच.

घरात कॅन्सरचं निदान झालं की माणूस आधी गाडी पकडतो आणि राहायचं नंतर बघतो. पहिल्या फेरीला परळच्या जवळपास लॉज घेतलं, भाडं बघून छाती दडपली. डोंबिवलीला मेहुणे आहेत, पण पेशंटला घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणं शक्य नाही. हे नातेवाइकांना सांगताना संकोच वाटतो, तरी सांगावं.

हॉस्पिटलात समाजसेवा विभाग आहे. तिथं केसपेपर दाखवून राहण्याची सोय विचारा. धर्मशाळांची माहिती आणि पत्र तिथून मिळतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा पेशंट आणि नातेवाइकांसाठीच चालते. जागा लगेच मिळेल असं नाही, नाव लावून रोज विचारावं लागतं. आणखी एक, उपचार परळलाच होतील असं धरून महिन्याची खोली घेऊ नका. टाटाचं दुसरं केंद्र खारघरला आहे आणि काहींना तिकडं पाठवतात. डॉक्टरांनी सगळं ठरवलं की मगच लांबच्या मुक्कामाचं बघा.

जेवणाचा प्रश्न मोठा. केमो सुरू झाली की बाहेरचं कच्चं, उघडं खायचं नाही, ताजं शिजवलेलंच द्यायचं. त्यामुळे जिथं शेगडी वापरता येते अशी जागा मिळाली तर दोन पैसे जास्त द्यावेत. आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, फोडणीचा वास सहन होईना. ज्या बाईनं आयुष्यभर काळा मसाला कुटला तिला जिऱ्याच्या वासानं उमळून यायचं. मग मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. तिला तेवढंच. माझं जेवण मी बाहेर उरकायचो. हॉस्पिटलबाहेर काही संस्था नातेवाइकांना अन्न वाटतात, त्या रांगेत उभं राहायला पहिल्या दिवशी जड गेलं. रांगेत पुढं यावलचे एक नाना होते. म्हणाले, "भो, ताट घे. लाजायला गावी गेल्यावर वेळ आहे."

रावेर, केळी उत्पादक (दिल्ली)

आमचा माल आझादपूर मंडीत जातो, भाव कसा निघतो ते डोळ्यांनी बघावं म्हणून गेलो. भुसावळहून गाड्या भरपूर. मंडी पहाटेच जागी होते, म्हणून एका व्यापाऱ्यानं सांगितलं, तिथंच आसपास झोपा. आम्ही मात्र नवी दिल्ली स्टेशनजवळ उतरलो, यलो लाइन मेट्रो थेट आझादपूरला जाते म्हणून. मेट्रो सुरू व्हायच्या आत निघायचं तर टॅक्सीच करावी लागते, हे ध्यानात ठेवा. स्वस्त खोल्या पहाडगंजला, म्हणजे 1 नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूला. यलो लाइन अजमेरी गेटच्या, म्हणजे 16 नंबरच्या बाजूला. सामान घेऊन पूल ओलांडताना घाम निघतो. स्टेशनबाहेर "तुमचं हॉटेल बंद झालं, दुसरं दाखवतो" म्हणणारे भेटतील. हॉटेलला स्वतः फोन लावा आणि चालू लागा.

छोले-भटुरे एक दिवस चांगले लागतात. दुसऱ्या दिवशी भाकरी आठवते. कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, तिथलं कॅन्टीन बाहेरच्यांनाही खुलं असतं. जेवण आपल्या घरचं नाही, पण मराठीत "अजून वाढू का?" ऐकलं की बरं वाटतं.

साक्री तालुका, कार्यकर्ता (मुंबई)

सगळे लॉज-लॉज करतायत म्हणून सांगतो. मंत्रालयात काम असेल तर आमदारांचं पत्र घेऊन आकाशवाणी आमदार निवास. मंत्रालय समोर, खाली कॅन्टीन, खर्च नगण्य. मनोरा हे दुसरं आमदार निवास पाडल्यापासून तिथं गर्दी वाढली आहे. खोली आमदारांच्या नावावर, झोपणारे तालुकाभरचे, त्यामुळे गादी मिळेल की सतरंजी हे तुम्ही किती वाजता पोचता त्यावर. बायका-मुलं घेऊन जाऊ नका. आणि घोरणारे आप्पा आधी झोपले तर तुम्ही बाहेर मरीन ड्राइव्हवर जाऊन बसा.

धुळे, हिशेबाचं काम करणारा

दोन ओळी बिलाच्या. ॲपवरचा दर बहुधा कर सोडून असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. कुणी जुन्या दरानं लावला तर विचारा. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढायला सांगता येतो. आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलं आहे. आधारची झेरॉक्स देताना आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

कल्याण पूर्व, माहेर एरंडोल

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. इथं सगळे पाव्हणे बोलतायत, आमच्याकडे पाव्हणे येतात.

खान्देशातून येणाऱ्या बऱ्याच गाड्या दादरच्या आधी कल्याणला थांबतात. त्यामुळे आमचं घर म्हणजे माहेर-सासर दोन्हीकडचं पहिलं स्टेशन. फोन कधी येतो? "वहिनी, इगतपुरी सोडली." म्हणजे कणीक मळायला घ्यायची. पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, बाथरूम एक, ह्यांची सातची फास्ट, मुलीचं कॉलेज. त्यात "आंघोळ करून लगेच निघतो" म्हणणारे चौघे. आणि त्यांचं काम असतं फोर्टात. फास्ट लोकलनंही इथून तास लागतो, तोही उभ्यानं. संध्याकाळी परत येतात तेव्हा चेहरे असे झालेले असतात की विचारावंसं वाटत नाही, काम झालं का.

येऊ नका असं नाही म्हणत. उलट न येता परस्पर गेलात तर वाईट वाटतं, आणि ते गावभर कळतंही. पण काम फोर्टात, चर्चगेटला असेल तर खोली तिकडेच घ्या. काम उरकून शनिवारी संध्याकाळी निवांत या, रात्री राहा. ते येणं आम्हालाही हवं असतं. आदल्या दिवशी सांगा, जेवणार की नाही तेही सांगा. "काही करू नको गं" म्हणून आल्यावर भूक लागलेली असते, हे आम्हाला ठाऊक आहे.

आणि मिठाईचा पुडा आणू नका, तो इथं कोपऱ्यावर मिळतो. कळण्याचं पीठ आणा, बिबडे आणा. थंडीत भरीताची वांगी आणणार असाल तर कच्ची नको, गॅसवर त्यांना ती चव येत नाही. तिकडेच काड्यांवर भाजून, सोलून, डब्यात भरून रात्रीच्या गाडीनं आणा. कांद्याची पात आणि शेंगदाणे मी घेऊन ठेवते. मिरच्या मात्र गावाकडच्याच आणा, इथल्या नुसत्या हिरव्या असतात.