अनुभव धागा : जुना घाव आणि अंगावर निघालेलं दुखणं (खान्देशातून लिहा)

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यात परिचारिका आहे. ओपीडीत एक बाई वारंवार दिसते, चेहरा दरवेळी वेगळा असतो. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, डोकं ठणकतं, झोप नाही. ईसीजी नीट, रक्त नीट. केसपेपरवर गोळ्या लिहून होतात आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ती परत रांगेत. तिच्यावर काय गुदरलंय, हे विचारायचं राहून जातं.

मोठा धक्का बसला की शरीर लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पचन मंदावतं. धोका टळला की हे ओसरायला हवं. काहींच्या बाबतीत ते वर्षानुवर्षं ओसरत नाही आणि पोट, पाठ, रक्तदाब, झोप सगळ्यांवर ताण येत राहतो. हे दुखणं खरं असतं. त्याला नाटक म्हणणाऱ्यांनी इथे कृपया लिहू नये.

घटनेचा तपशील द्यायची गरज नाही. नंतर शरीराचं काय झालं आणि कशाने उतार पडला, तेवढं लिहा. नावं टाळा.

केळी उत्पादक, रावेर तालुका

आप्पा गेले तेव्हा मी आठवीत होतो. डोक्यावर कर्ज, त्यात वादळाने निसवलेली, म्हणजे घड आलेली बाग आडवी केली. त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. तेरावं झालं आणि घरात तो विषय बंद झाला. मला सगळ्यांनी एकच सांगितलं, 'तू मोठा, रडू नको, मायकडे बघ.' मी बघितलं. शेत केलं, बहिणींची लग्नं लावली.

पोट मात्र तेव्हापासून बिघडलं. जळजळ, मळमळ, ताटात भरीत-भाकरी आली की घास तोंडात फिरायचा. दुर्बिणीने तपासलं, सोनोग्राफी झाली, काही सापडलं नाही. फवारणीच्या दिवशी तर उलटी ठरलेली. पंप गड्याच्या पाठीवर, मी लांब बांधावर, तोंडाला रुमाल. तरी वास आला की जीभ कोरडी, तळहात गार, आणि आमच्या ओसरीवरची त्या सकाळची गर्दी डोळ्यांपुढे उभी. लोक म्हणायचे, औषध चढतं. मलाही तेच वाटायचं.

जळगावच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, 'हे सुरू झालं त्या वर्षी घरात काय झालं होतं?' एवढ्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मला बोलता येईना, बायकोने सांगितलं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी आणि समुपदेशन दोन्ही चाललं. पोट आता बरंच शांत आहे. फवारणीकडे अजून भाऊच बघतो. यंदा पित्तरात मी पोरांना आप्पांबद्दल सांगितलं, ते बैलांशी कसं बोलायचे ते. पोरं हसली, मीही हसलो.

धागाकर्ती

दादा, लिहिलंत हे फार मोलाचं. वासाची वाट मेंदूत भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते. म्हणून एखादा वास माणसाला क्षणात मागे ओढतो. यात मनाचा कमकुवतपणा कुठेच नाही.

लोको पायलट, भुसावळ

भरधाव मालगाडीला इमर्जन्सी ब्रेक लावला तरी ती थांबेपर्यंत किलोमीटरभर अंतर जाऊ शकतं. रुळावरचा माणूस दिसतो, हॉर्न वाजवायचा, ब्रेक लावायचा, पुढे आपल्या हातात काही नाही. माझ्या बाबतीत हे एकापेक्षा जास्त वेळा घडलं. सगळे म्हणतात, तुझी काय चूक? मलाही ते कळतं. पण ते ठिकाण जवळ आलं की उजवा खांदा दगडासारखा होतो. चाळिशीच्या आत बीपीची गोळी लागली. घरी कुकरची शिटी झाली तरी दचकायचो आणि बायकोवर खेकसायचो. मानसोपचारतज्ज्ञाने नजर डावी-उजवीकडे फिरवत ती आठवण पुन्हा समोर आणायची पद्धत वापरली. आधी विश्वास बसला नाही. आठवण गेली नाही, पण आता ती आली तरी खांदा धरत नाही.

धागाकर्ती

या पद्धतीला ईएमडीआर म्हणतात. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1987 पासून ती विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या त्रासासाठी तिची शिफारस केली आहे. मात्र ती प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यायची, व्हिडिओ बघून घरी नाही.

अमळनेरची लेक, सासर सुरतेला

माझं दुखणं दाताच्या डॉक्टरला सापडलं. दाढा शिवशिवत होत्या म्हणून गेले. त्याने आरशात दाखवलं, मागच्या दाढा घासून सपाट झाल्या होत्या. म्हणाला, 'ताई, रात्री दात खाता का?' मला ठाऊकच नव्हतं. जबडा सकाळी आखडलेला असायचा, भाकरीचा पहिला घास चावताना कानापर्यंत कळ जायची. मी ते थंडीवर ढकलायचे.

नवऱ्याचा हात उठायचा, ही गोष्ट मी माहेरीही बोलले नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले की झोक्यावर बसायचे, गाणी म्हणायचे, तेव्हा डोकंही दुखत नसे. परतीचं तिकीट काढलं की त्याच रात्री ताप. माय म्हणायची, तुला पाणी बदललं की सोसत नाही. एका आखाजीला मोठ्या वहिनीने तापाचं वेळापत्रक ओळखलं. तिने पदर धरून मला माडीवर नेलं, म्हणाली, 'तुले तठे काय व्हस, ते माले सांग.' मी सांगितलं. ती मधे एक शब्द बोलली नाही. पुढचं सगळं, वकील, वेगळं राहणं, त्यात काही वर्षं गेली. डॉक्टरने रात्री दातांवर घालायचं साधन दिलं ते अजून वापरते. पण ताप त्यानंतर कधी तसा आला नाही.

एक वाचक, धुळे

सगळं मनावर ढकलणं धोक्याचं नाही का? माझ्या आत्याला 'टेन्शन घेऊ नका' म्हणत राहिले, निघाला थायरॉइड.

धागाकर्ती

अगदी खरं बोललात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, साखर, ईसीजी हे आधी बघायचंच. छातीत दुखलं तर आधी हृदय. आणि आजार सापडला म्हणून जुना घाव नाही, असंही होत नाही. अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी 1998 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे चार किंवा जास्त प्रकारचे आघात झालेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण कितीतरी पट जास्त आढळलं. हृदयविकार, फुप्फुसाचे आणि यकृताचे आजारही जास्त होते. म्हणून तपासण्या करायच्या आणि विचारायचंही.

आशा कार्यकर्ती, तळोदा तालुका

माझ्या आजीचं गाव नर्मदाकाठी होतं, धरणाच्या पाण्यात गेलं. इकडे वसाहतीत येऊन खूप वर्षं झाली. पावसाळा लागला की तिला दम लागायचा. दम्याचा पंप दिला, उपयोग नाही. तिकडच्या माणसांची एकत्र बैठक होते, रोडाली ही आपली गाणी गातात, त्या दिवशी ती रात्रभर बसते आणि दम लागत नाही. मी डॉक्टर नाही. डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

शिक्षिका, चोपडा

माझ्या वर्गातल्या एका मुलीला फिट यायच्या. घरचे म्हणायचे बाहेरचं आहे, भगताकडे न्यायचे. मेंदूचा आलेख काढला, अपस्माराचं काही निघालं नाही, म्हणून आणखीच 'ढोंग करते' असं ठरलं. बऱ्याच दिवसांनी तिने मला सांगितलं की नात्यातला एक जण तिला त्रास देत होता. मी कळवायचं ते कळवलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याने (2012) ते बंधनकारकच आहे, आणि नसतं तरी कळवलं असतं. मुलगी सुरक्षित झाली, उपचार झाले, फिट कमी होत बंद झाल्या. ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांनी भगताआधी तिला एकटीला जवळ बसवा. लहान मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे.

एक भाऊ, पाचोरा

धाकटा भाऊ अपघातातून वाचला, सोबतचा मित्र गेला. महिना झाला नाही अजून. बोलत नाही, रात्री ओरडून उठतो. काय विचारू? झोपेची गोळी देऊ का?

धागाकर्ती

दादा, मेडिकलवरून आणून झोपेची गोळी देऊ नका. पहिल्या महिन्यात डायझेपामसारख्या गोळ्या अशा त्रासासाठी देऊ नयेत, असंच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना सांगतात. सगळं सांग म्हणून मागेही लागू नका, बळजबरीने वदवून घेतल्याने उतार पडत नाही. जेवण, झोपेची वेळ, शेतात सोबत चालणं, एवढं धरून ठेवा. दारूवर लक्ष ठेवा. तो बोलला तर ऐका, मित्राचं नाव घेतलं तर विषय बदलू नका. महिन्यानंतरही रात्री तशाच राहिल्या, किंवा जगण्यात अर्थ नाही असं कधीही बोलला, तर त्याच दिवशी त्याला एकटं न सोडता घेऊन निघा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहे. तोवर 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर आधी तुम्हीच लावा आणि त्याच्याशी कसं वागायचं ते विचारून घ्या.