पहिला ब्लेझर: खांदे बसतात पण पोटावर ओढ येते, घ्यावा का?

नवखा
नेव्ही ब्लू, सिंगल ब्रेस्टेड, दोन बटणांचा ब्लेझर बघतोय. एक माप खांद्यात चपखल बसतं, पण बटण लावलं की पोटावर ओढ येते. त्यापुढचं माप सुटसुटीत आहे, खांदे मात्र उतरतात. टेलरकडून दुरुस्त करून घ्यायचा तर कुठला घ्यावा? खाली पँट कसली?

धावदोरा
खांद्यात बसतो तोच. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. ती खाली उतरली की दंडावर खळगा पडतो, आणि तो घालवायला बाह्या उसवून, पॅड काढून खांदा नव्याने बांधावा लागतो. त्या फंदात पडूच नका.

पोटाची ओढ सोपी. वरचं बटण लावा. फुलीसारख्या चुण्या पडतात ना? आता बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, किती आहे ते अस्तरावरून चाचपा. २ सें.मी.च्या आसपास असेल तर कंबर सैल करता येते. पण लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटलेल्या पट्ट्या, छातीवरून फुगून बाहेर येत असतील तर सोडून द्या, तिथे छातीलाच कापड कमी पडतंय.

काजबटण
सहमत. कॉलरही मागून कुणाला तरी बघायला सांगा. ती शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी, मधे फट नको.

बाहीबद्दल एक सांगतो. हात सैल सोडल्यावर शर्टाचा कफ १ ते १.५ सें.मी. दिसावा. बाही लांब असेल तर आधी तिच्यावरची काजं बघा. नुसती बटणं टाकलेली असतील तर मनगटाकडून आखूड होते. काजं खरी कापलेली असतील तर खांद्याकडून उचलावी लागते, आणि ते काम प्रत्येक टेलरला जमत नाही.

नवखा
कापडाला आकार देणारा आतला थर शिवलेला (कॅनव्हास) आहे की चिकटवलेला (फ्युजिंग), हे दुकानात कसं ओळखायचं?

धावदोरा
खालच्या काजाखाली बाहेरचं कापड एका चिमटीत, आतलं दुसऱ्या चिमटीत धरा आणि हलकेच दूर ओढा. मधे तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर कॅनव्हास. सगळं एकजीव, कडक लागलं तर फ्युजिंग. हाफ कॅनव्हास छातीपर्यंतच असतो, म्हणून छातीवरही बघा. फ्युजिंगचा चिकट थर सुटला की कापडावर फोड येतात आणि ते नीट बसवणं जवळजवळ अशक्य. म्हणून ड्रायक्लीन कमीत कमी. एरवी ब्रश आणि वाफ पुरते.

कापड लोकरी हॉपसॅक घ्या. वीण जरा मोकळी, हवा खेळते, चुणी टिकत नाही. गुळगुळीत कापडाचा ब्लेझर सूटमधून वेगळा काढलेला कोट वाटतो. पँट मध्यम राखाडी. नेव्हीवर नेव्ही नकोच, दोन निळे रंग जुळता जुळत नाहीत.

काजबटण
खालचं बटण कधीच लावू नका, कोट तसाच बेतलेला असतो. बसताना वरचंही काढा, नाहीतर ताण काजावर येतो.

आणि घालण्याआधी मागच्या व्हेंटवरचा (पाठीखालच्या उघड्या चिरेवरचा) फुलीचा टाका काढा. तो फक्त दुकानापर्यंत घडी राहावी म्हणून असतो. ब्लेड लावू नका. छोट्या कात्रीचं टोक दोऱ्याखाली घालून फुलीच्या मध्यावर कापा आणि तुकडे आतल्या बाजूने ओढून घ्या.