माळावर मोठी लेन्स टेकवायला काय घ्यावं? रायफलचा बायपॉड चालेल का?

माळकरी_सोलापूर:
नमस्कार मंडळी. मी जवळपास दर रविवारी पहाटे पक्ष्यांचे फोटो काढायला नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं जातो, बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. दिवाळीत १५०-६०० मिलिमीटरची लांबची लेन्स घेतली, कॅमेऱ्यासकट अडीच किलोच्या वर वजन जातंय. हातात धरून पाच-दहा मिनिटं ठीक, नंतर दंड भरून येतात आणि ऐन वेळी पक्षी समोर आला की फोटो हललेला. मागच्या आठवड्यात धाविकाची, म्हणजे माळावर पळणाऱ्या पक्ष्याची, जोडी मिळाली, तीस पावलांवर, सकाळचं कवळं ऊन, सत्तर फोटो मारले आणि घरी येऊन बघतो तर एकातही डोळा शार्प नाही. शटर १/२५० सेकंद होतं, त्याच्यापेक्षा जलद नेलं की आयएसओ लय वाढतो, फोटो दाणेदार येतो. लय वाईट वाटलं.

आधी एक स्वस्तातला ट्रायपॉड घेतला होता, त्याचे पाय वजनानं हळूहळू खाली सरकायचे, वारं सुटलं की सगळंच थरथरायचं. आता बाहेरच्या देशातले शिकारी रायफलीला पुढं दोन पायांचा स्टँड लावतात तो व्हिडिओत बघितला. शिकारीशी आपला काही संबंध नाही, फक्त तो बायपॉड लेन्सच्या पायाला (स्टँडला जोडायला लेन्सखाली असतो तो) बसवून घेतला तर जमंल का एवढंच विचारायलोय. बजेट चार-पाच हजार.

पॉइंट_टू_टू:
माळकरी, मी कॉलेजात एनसीसीला होतो, पॉइंट टू-टू रायफलनं २५ मीटरवर फायरिंग केलेलं आहे त्यामुळं हा प्रश्न आवडीचा आहे. जरा सविस्तर सांगतो.

बायपॉडवर रायफल स्थिर का राहते, तर तिथं टेकू तीन असतात. पुढं दोन पाय आणि मागं तुमचा खांदा. दस्ता, म्हणजे रायफलीचा मागचा लाकडी भाग, खांद्यात घट्ट रोवलेला असतो, गाल वरून टेकलेला असतो. कॅमेऱ्याला दस्ता नाही. म्हणजे पुढचे दोन पाय कितीही भारी घ्या, मागचं टोक तुमच्या हातातच डुलणार. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण उंचीची. झोपून मारायचे बायपॉड साधारण ६ ते ९ इंचांचे येतात. नान्नजचं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुडघ्याला लागतं, नऊ इंचावरनं लेन्समध्ये कुसळांशिवाय काही दिसणार नाही. बसून वापरायचे १३ ते २७ इंचांचे असतात पण पाय जेवढे लांब तेवढी डुगडुग जास्त. आणि तुमचा पक्षी धाविक आहे, तो चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. बायपॉड थोडाफार इकडंतिकडं वळतो, पुढं गेला की उचलून परत मांडायचा, तोवर पक्षी गेला.

तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माळावर पोटावर झोपलेला माणूस, पुढं काळी लांब नळी, नळीला दोन पाय. लांबून काय दिसंल सांगा. हा काळविटांचा माळ आहे, १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि गावातली माणसं, वनरक्षक डोळ्यात तेल घालून असतात ते बरंच आहे. त्यांच्या मनात शंका येईल असं काही घेऊन जाऊच नये.

रायफलीतनं घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आम्हाला वाळूची पोती द्यायचे आणि उस्ताद पहिल्या दिवशी ओरडून सांगायचे, नळी टेकवायची नाही, लाकूड टेकवायचं, आणि तेही टणक दगडावर नाही, मऊ पोत्यावर. गोळी सुटताना नळी थरथरते, तिला कशाचा धक्का लागला की गोळी भलतीकडं जाते. कडक जागेवर रायफल उसळते, मऊ जागेवर बसून राहते. लेन्सलाही तेच लागू आहे. बायपॉडचे पैसे वाचवा, लेन्स टेकवायला तशीच मऊ पिशवी करा.

सुईदोरा_सोलापूर:
काका बरोबर बोलले. पिशवी विकत घेऊ नका हो, घरी होते. मी आमच्या ह्यांच्यासाठी तीन शिवल्यात, पहिली फाटली, दुसरी जड झाली, तिसरी चार वर्षं चाललीय.

बाहेरचं कापड जुन्या सोलापुरी चादरीचं घ्या. विणीत जाड असते, घासली तरी विरत नाही आणि खरखरीत असल्यामुळं लेन्स सरकत नाही. टेरीकॉट लावलं होतं पहिल्यांदा, त्याच्यावरनं लेन्स साबणासारखी घसरायची. आत मांजरपाटाची वेगळी पिशवी, तिला चेन. गाडीच्या दारासाठी हवी असंल तर एकच मोठी पिशवी नको, दोन पिशव्या करायच्या, प्रत्येकी साधारण ३० बाय २० सेंटीमीटर, आणि मधी चार बोटं पट्टी जोडायची. एक पिशवी दाराच्या आत लोंबते, एक बाहेर, पट्टी दारावर बसते. बैलाच्या पाठीवर गोण टाकतात तशी. काच पूर्ण खाली घ्या.

भरायला ज्वारी. वाळू अजिबात नको, शिवणीतनं बारीक कण गळतो आणि लेन्सच्या रिंगमधी जातो. थर्माकोलचे दाणे हलके, दाबले की चपटे होतात. ज्वारी कशी, लेन्स ठेवून जरा दाबली की दाणे बाजूला सरकून बरोबर खळगा होतो आणि तो तसाच राहतो. चांगली मालदांडी घालू नका, जीव हळहळतो, पाखडून राहिलेली बारकी चालते. दोन्ही मिळून अडीच-तीन किलो, आणि गच्च भरायची नाही, पाऊण भरायची. पावसाळ्यात रिकामी करून ठेवा नाहीतर सोंडे होतात. आम्ही आत वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकतो.

शिलाई धरून तीनशेच्या आत काम होतं.

माळकरी_सोलापूर:
ताई, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. पण मी बऱ्याचदा गाडी लावून चालत जातो, तिथं तीन किलोची पिशवी कुठं वागवू?

उजनीकाठ:
चालताना मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या, तुमच्या बजेटात ठीकठाक येतो. पण त्याआधी फुकटातला एक उपाय करून बघा.

आफ्रिकेत जिथं शिकार कायदेशीर आहे तिथं झुडपांच्या प्रदेशात बायपॉड फार कामाला येत नाही, गवत उंच म्हणून. ते लोक दोन किंवा तीन काठ्या वरच्या टोकाशी बांधून घेतात, पाय फाकवले की वर फुली होते, त्या फुलीत रायफल ठेवून उभ्यानं नेम धरतात. मी तेच बांबूच्या दोन काठ्यांचं केलंय. छातीइतक्या उंच, वरनं वीतभर सोडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आठाच्या आकारात गुंडाळायचा. फुलीवर टॉवेलची घडी. मिटल्या की हातात नुसती काठी, आणि माळावर काठीवाल्या माणसाची जनावरांना सवय असते. आपल्याकडचा धनगर बघा, काठीवर हनुवटी टेकून तासभर हलत नाही आणि काळविटं त्याच्या दोन्ही बाजूंनी चरत जातात. बसलात तर काठ्या जास्त फाकवायच्या, उंची आपोआप कमी होते.

आणखी एक. तुमच्या सत्तर फोटोंत सगळा दोष हाताचाच असंल असं नाही. वेळ किती होती? नऊच्या पुढं जमीन तापली की हवा लहरायला लागते, मृगजळासारखी. ती लहर लेन्समधी दिसते, आणि तिला कुठलाच टेकू पुरत नाही. तेव्हा एक तर जवळचाच पक्षी घ्यायचा नाहीतर कॅमेरा पिशवीत.

पॉइंट_टू_टू:
लहरीचा मुद्दा एकदम बरोबर. पिशवीवर लेन्स ठेवताना खालचा पाय फिरवून वर घ्या, नाहीतर तो पिशवीत रुतून लेन्स तिरकी होते. डावा हात लेन्सखाली नको, वरनं ठेवायचा, पिशवीच्या बरोबर वर, आणि हलकं दाबायचं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, मग बटण. बोटानं ढकलायचं नाही, दाबत न्यायचं. गाडीचं इंजिन बंद, आणि शेजारच्यानं हालायचं नाही.

रानवाट_४१३:
एक कळकळीची विनंती, झोपून फोटो काढायचा विचार असंल तर मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत नकोच. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, काड्यांचं घरटं वगैरे काही नसतं. मातीच्या रंगाची, डाग असलेली अंडी, दोन फुटांवर असली तरी दिसत नाहीत. मी स्वतः एकदा कोपर टेकवायला खाली वाकलो आणि कोपराच्या वीतभर पुढं माळटिटवीची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला करून ठेवलेली. अंगावर काटा आला. तसाच मागच्या पावली निघालो आणि त्या पट्ट्यात पाऊस संपेपर्यंत गेलो नाही. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असंल तर समजायचं आपण चुकीच्या जागी आहोत. शिवाय तिथं दगडाखाली फुरसं असतं, ते वेगळं. त्या दिवसांत गाडीतली पिशवीच बरी.

माळकरी_सोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितली तशी पिशवी आईनं शनिवारी रात्री शिवून दिली, घरातली जुनी लाल चादर फाडून. काल मार्डीच्या रस्त्याला गाडी लावून बसलो. सात-सव्वासातला चंडोल ढेकळावर येऊन बसला आणि गायला लागला. १/२०० ला वीस फोटो काढले, त्यातले अकरा शार्प. उघड्या चोचीतली जीभ दिसतीय. आठ पन्नासला लहर सुरू झाली, तेव्हा कॅमेरा मिटला.

काठ्यांसाठी बांबू बघायलोय. उजनीकाठ, ट्यूब सायकलची घेऊ की मोटारसायकलची?

उजनीकाठ:
सायकलची. मोटारसायकलची जाड असते, पाय फाकवताना नीट वळत नाही.